टाळकरी जपा, चाल टिकेल



आंबी, वराळे, मंगरूळ, नवलाख उंबरे, इंदोरी, अशा तळेगावच्या आजूबाजूच्या गावांतल्या भजनी मंडळांसाठी हे लिहितो आहे. वर्गणी मागायची नाही, नवा पखवाज घ्यायचा नाही, सप्ताहाची पत्रिकाही छापायची नाही. मागणं एवढंच आहे की यंदाचा काकडा सुरू होण्याआधी एकदा देवळात बसा आणि आपल्या मंडळात खोकला, ताप, साथ शिरली तर काय करायचं ते ठरवा. साथ येऊन गेल्यावर सगळेच शहाणे होतात. त्या शहाणपणाची किंमत 2020 आणि 2021 मध्ये गावोगावच्या मंडळांनी आपली जुनी माणसं गमावून मोजली आहे.

जाणत्या माणसाबरोबर नेमकं काय जातं ते आधी बोलू. अभंग जात नाहीत. गाथा छापलेली आहे, हरिपाठाची पुस्तिका देहूत आणि आळंदीत दहा दुकानांत मिळते. जाते ती चाल. काकड्यातला वासुदेव कुठल्या चालीवर म्हणायचा, आंधळा-पांगळा कुठे घ्यायचा, गौळणीला पखवाजावर ठेका कधी बदलायचा, सगळ्यांचा आवाज चढल्यावर कुणी थांबायचं आणि कुणी उचलायचं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. बहुतेक मंडळांत ते दोन-तीन माणसांच्या डोक्यात असतं. ही माणसं साधारण पासष्टीच्या पुढची असतात. कुणाला साखर, कुणाला दमा, कुणाची छाती जुन्या विडीने खाल्लेली. ते गेले की पोरं मोबाइलवर एखाद्या नामवंत गायकाची चाल लावतात आणि पुढच्या वर्षी पाच गावांचा काकडा एकसारखा ऐकू येतो. गायक चांगला असतो, तक्रार त्याच्याबद्दल नाही. पण गावाची चाल गेली ती गेलीच.

या मुलखात हे कुणाला पटवून देण्याची गरज पडू नये. तुकोबांचे चौदा टाळकरी आपण नावांनी सांगतो. त्यांतल्या संताजी जगनाड्यांची समाधी इथून जवळच, सुदुंबऱ्याला आहे. इंद्रायणीत वह्या बुडाल्या तरी अभंग राहिले, कारण ते टाळकऱ्यांच्या मुखात होते आणि संताजींनी लिहून ठेवले होते, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. म्हणजे टाळकऱ्याने अभंग वाचवला. आता टाळकऱ्याला वाचवायची पाळी आपली आहे.

आणि आपण त्याला बसवतो कुठे? दोन रांगा समोरासमोर, मध्ये हातभर अंतर, आणि बरोबर मध्यभागी तो जाणता बुवा. पंधरा-वीस माणसं त्याच्या तोंडावर, पूर्ण छातीने, दीड-दोन तास गात असतात. भजनाची सगळी मजा या समोरासमोरच्या बसण्यात आहे हे खरं. पावली खेळताना तर डोळ्याला डोळा भिडायलाच हवा. पण श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची बैठक कुणी मुद्दाम आखली असती तरी जमली नसती.

मार्च 2020 मधले तीन दिवस आठवा. 9 तारखेला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले. 11 तारखेला तुकाराम बीज होती, आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने ही जगभरची साथ असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे बिजेची सकाळ उजाडली होती, सात वाजले असतील, तेव्हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 10 तारखेची संध्याकाळ होती आणि माउंट व्हर्नन गावच्या एका चर्चमध्ये स्कॅजिट व्हॅली कोराल या हौशी गायकमंडळाचा सराव सुरू होत होता. आपल्या भजनी मंडळासारखंच ते मंडळ. पोटासाठी गाणारं कुणी नाही, बहुतेक सभासद साठी उलटलेले. अडीच तास ते गायले. दारात हात स्वच्छ करायची बाटली ठेवली होती, गळाभेटीही त्यांनी टाळल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाला दोन-तीन दिवसांपासून सर्दीसारखं वाटत होतं. हजर असलेल्या 61 जणांपैकी 53 आजारी पडले. त्यांपैकी 33 जणांचं निदान चाचणीने पक्कं झालं, बाकीच्यांचं लक्षणांवरून. तिघांना रुग्णालयात न्यावं लागलं, दोघं दगावली.

हात धुतलेले होते, तरी हे झालं. 2020 मध्ये आपण देवळाच्या पायऱ्यांवर फवारे मारले, घंटा बांधून ठेवल्या, टाळ सॅनिटायझरने पुसले, आणि खिडक्या मात्र उघडल्या नाहीत. हात धुवावेतच. पण भजनात रोग मुख्यतः पसरतो तो हवेतून. गाताना तोंडातून इतके बारीक थेंब निघतात की ते खाली पडत नाहीत, उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. ही गोष्ट करोनानंतर कळली असंही नाही. 1968 मध्ये लाउडन आणि रॉबर्ट्स या दोन संशोधकांनी क्षयाच्या संदर्भात गाणं, बोलणं आणि खोकणं यांची तुलना केली होती, आणि गाण्यातून हवेत तरंगत राहणाऱ्या थेंबांचं प्रमाण बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त, खोकल्याच्या जवळ जाणारं आढळलं होतं.

पुढे करोनाच्या काळात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी गायकांवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की एकाच पट्टीत, एकाच आवाजात बोलणं आणि गाणं यांत फार फरक नाही. खरा फरक पडतो तो आवाज किती मोठा यावर. अगदी हळू आवाजापासून मोठ्यात मोठ्या आवाजापर्यंत गेलं तर तोंडातून निघणाऱ्या कणांचं वजन वीस-तीस पटींनी वाढतं. हे वाचल्यापासून मला आपल्या देवळांतल्या ध्वनिक्षेपकांची गंमत वाटते. पूर्वी आवाज शेवटच्या आळीपर्यंत पोहोचवायचा तर छाती फोडावी लागे. आता चार कर्णे लावलेत, समोर माइक आहे, आणि तरीही आम्ही टिपेलाच जातो. जणू माइकशीच पैज लागली आहे. आवाज यंत्राला वाढवू द्या. काळी चारऐवजी काळी दोनला भजन लावलं तर म्हाताऱ्या गळ्यांनाही ते पेलतं, नव्या पोरांचे गळेही फाटत नाहीत आणि हवेत कमी जातं. चालीची लय त्याने बिघडत नाही, उलट शब्द नीट ऐकू येतात.

आता देवळांविषयी, कारण इथे खरी अडचण आहे. जुन्या देवळांचा सभामंडप लाकडी खांबांचा, तीन बाजूंनी मोकळा असे. वारा येई, पावसाचा शिंतोडा येई, कुत्रंही येई. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मावळात पैसा आला. जमिनी गेल्या, कारखाने आले, आणि देवळांचे जीर्णोद्धार झाले. देखणे झाले, त्याबद्दल वाद नाही. पण नवे सभामंडप स्लॅबचे, फरशीचे, सरकत्या काचांचे. काचा बंद का, तर कबुतरं येतात, डास येतात, आषाढ-श्रावणात पाऊस आत येतो आणि कार्तिकात पहाटेची थंडी बोचते. मावळचा पाऊस आणि मावळची थंडी कुणाला सांगायला नको. पण काकड्याच्या पहाटे बंद मंडपात पंचवीस माणसं दीड तास गायली तर शेवटच्या आरतीपर्यंत प्रत्येकजण दुसऱ्याने सोडलेला श्वास घेत असतो. काचांच्या जागी जाळी बसवा. तेवढं जमेपर्यंत समोरासमोरच्या दोन काचा पूर्ण उघड्या ठेवा, एकच उघडून वारा खेळत नाही. वर एक हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, स्वयंपाकघरात असतो तसला; त्याचा खर्च एका दिवसाच्या मंडपाहून कमी येतो. कानटोपी घाला, घोंगडी पांघरा, हवं तर दाराबाहेर शेकोटी पेटवा. वारकऱ्याला थंडीचं कारण शोभत नाही.

आंबीची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. एमआयडीसीमुळे इथे भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, परराज्यांतली पोरं राहतात. एका खोलीत चार-पाच जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांतली काही माळकरी घरची. रात्रपाळी सुटली की तशीच काकड्याला येतात, आणि मंडळात आज जो तरुण आवाज आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. खोलीतल्या एकाला ताप आला की सगळ्यांना येतो, आणि सुट्टी घेतली की रोज बुडतो म्हणून ते अंगावर काढतात. या पोरांना आजारी असताना येऊ नका हे सांगायचंच आहे, पण त्याआधी त्यांची विचारपूस करणारं कुणीतरी मंडळात असलं पाहिजे.

कारण सगळी गाठ तिथेच आहे. आजारी माणूस घरी का बसत नाही? त्याला लाज वाटते. चार दिवस दिसला नाही की पाचव्या दिवशी कट्ट्यावर टोमणा तयार असतो, की बुवांची भक्ती पातळ झाली. नेम मोडल्याचं दडपण तर असतंच. काकडा महिनाभर एकही दिवस न चुकवण्यात एक अभिमान असतो आणि तो खोटा नाही. म्हणून नियम असा करा की ताप, खोकला, घसा धरलेला असेल तर घरी राहणं हीच त्या दिवसाची सेवा, आणि हजेरीत त्या माणसाचं नाव हजर म्हणूनच लिहायचं. हे अध्यक्षांनी नाही तर मंडळातल्या सगळ्यात जुन्या माळकऱ्याने उभं राहून सांगावं, आणि पहिला खोकला आला की त्यानेच पहिल्यांदा घरी बसावं. मग बाकीच्यांची जीभ आपोआप आवरते. कर्ण्याचा आवाज घरापर्यंत येतोच. अंथरुणात बसून टाळी वाजवली तरी पांडुरंगाला ती ऐकू जाते असं मानायला काय हरकत आहे?

सप्ताहातला पहारा हा त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही. पहाऱ्याची यादी आधी लागलेली, रात्री दोन ते चारचा पहारा ज्याच्या नावावर त्याला ताप भरला तरी तो उभा राहतो, कारण वीणा घ्यायला दुसरं कुणी नसतं. मग तो काढा पिऊन उभा राहतो, पुढच्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. यावर उपाय सोपा आहे. यादीत प्रत्येक पहाऱ्यासमोर दुसरं नाव लिहा. बदली पहारेकरी. मूळ माणसाने संध्याकाळी सहापर्यंत निरोप दिला की बदलीने उभं राहायचं, कारण विचारायचं नाही.

काही जण म्हणतील, देवाच्या दारात कसली साथ, इतकी वर्षं गातोय, काय झालं? त्यांना 30 जून 2020 ची आठवण द्यावी. त्या दिवशी तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजक्या माणसांसह, आणि दुसऱ्या दिवशी, 1 जुलैला, आषाढी झाली. शेकडो वर्षं पायी चालणारी वारी बसमध्ये बसली. संप्रदायातल्या जाणत्यांनी ते मान्य केलं, आणि त्यातून परंपरा तुटली नाही. पुढे वारी पुन्हा पायी निघाली. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला कोजागरी होऊन काकडा सुरू झाला तेव्हा राज्यातली देवळं बंद होती, ती 16 नोव्हेंबरला पाडव्याला उघडली. निम्मा काकडा तेव्हा घरोघरच झाला. एवढं केलेल्या माणसांना दोन काचा उघडायला धर्माची आडकाठी कशी येईल?

करोना मात्र आता लोक विसरायला लागलेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून ज्या रोगाची साथ कधी जाहीर होत नाही, त्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त आपल्या देशात आहेत. तो श्वासातूनच पसरतो, बंद जागेत, रोज तासन्‌तास एकत्र बसणाऱ्यांत. भजनी मंडळात दोन आठवडे खोकणाऱ्या माणसाला आपण खडीसाखर, ज्येष्ठमध, लवंग देतो आणि आवाज बसलाय म्हणतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, उतरत चाललेलं वजन, यांतलं काहीही असेल तर त्याला सरकारी आरोग्य केंद्रात न्या. थुंकीची तपासणी फुकट आहे, औषधं फुकट आहेत. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. उपचार चालू असेपर्यंत रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून खुराकासाठी पैसे मिळतात. महिन्याला 500 रुपये होते, ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. योग्य औषधं नियमाने सुरू झाली की बहुतेकांचा संसर्ग काही आठवड्यांतच ओसरतो. मंडळात परत कधी यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, कट्ट्यावर नव्हे.

आणि इथे मंडळाला एक खरंखुरं काम आहे. क्षय झालेला माणूस तो लपवतो, कारण त्याला माहीत असतं की एकदा कळलं की टाळ हातातून जाईल, पंगतीत शेजारी कुणी बसणार नाही. त्याच्या घरी लग्नाची मुलगी असेल तर विचारूच नका. अशा घरी मंडळाच्या दोघांनी जाऊन सांगावं, की तुमची जागा राखून ठेवली आहे, गोळ्या एकही दिवस चुकवू नका. सरकारच्या निक्षय मित्र योजनेत संस्था रुग्णाला दरमहा पोषणाचा शिधा देऊ शकतात. सप्ताहात हजार पानं उठवणाऱ्या मंडळाला एका माणसाच्या डाळ-शेंगदाण्याचा भार सहा महिने पेलणार नाही? गावातल्या आशा सेविकेला, म्हणजे आशाताईंना विचारा, नाव कसं नोंदवायचं ते त्या सांगतील.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत, त्या पटापट सांगतो. एकच माइक ओठांना लावून हातोहात फिरवू नका. स्टँडवर ठेवा, चार बोटं दूर. पाण्याचा एकच तांब्या तोंडाला लावून पिऊ नका, वरून प्या. आणि तंबाखूची चंची भजनात फिरवणं तसंही बंद झालेलं बरं. दशक्रियेच्या आधीच्या रात्री किंवा तेराव्याला कुणाच्या घरी भजनाला जाता, तेव्हा माजघरात न बसता ओट्यावर, अंगणात, नाहीतर मांडवात बसा. ज्या घरात आजारानेच माणूस गेलं आहे तिथे तर हे आवर्जून करा. महिला मंडळांची भजनं दुपारी घरांतच होतात, लहान खोल्यांत. त्या घरात तान्हं मूल, गरोदर सून किंवा अंथरुणावरची सासू असेल तर बैठक देवळात न्या. आणि सप्ताहाच्या महाप्रसादाचं पाणी. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुइयाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावर आणि त्यातल्या जिवाणूवर गेला होता. टँकर आला की त्यात क्लोरीन पडलं का हे एका माणसाने पाहायचं, बस.

साठीच्या पुढच्या टाळकऱ्यांनी फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तो एका शाळकरी मुलीचा होता, हे आपल्याला ठाऊक आहे. फ्लू म्हणजे नुसती सर्दी नव्हे. एखाद्या डॉक्टरांना एकदा देवळातच बोलवा, हरिपाठानंतर अर्धा तास. कीर्तनकार येतात तसे तेही येतील. गावात ताप-खोकल्याचा जोर दिसला तर तेवढे दिवस भजन बाहेर पारावर घ्या, जाणत्या बुवांना रांगेच्या टोकाला, वारा येतो त्या बाजूला बसवा, आणि ऐकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी मास्क लावला तर त्यांना हसू नका.

एक काम मात्र आजारपणाशी थेट संबंध नसतानाही करायला हवं. प्रत्येक चाल निदान दोन तरुणांना पाठ असली पाहिजे. बुवांना समोर बसवून मोबाइलवर काकडा पहिल्यापासून आरतीपर्यंत ध्वनिमुद्रित करा. मग त्या ध्वनिफितीवर विसंबून न राहता तो पोरांकडून म्हणवून घ्या, चुकेल तिथे बुवांना थांबवू द्या. उद्या बुवा आठवडाभर घरी बसले तर काकडा अडणार नाही. आणि तो अडत नाही हे दिसलं की बुवाही आजारी असताना घरी बसायला तयार होतील. आज ते बसत नाहीत, कारण आपण गेलो नाही तर म्हणणार कोण, ही त्यांची खरी चिंता आहे.

तेव्हा माउली, कोजागरीच्या आधीच्या एखाद्या गुरुवारी हरिपाठ झाल्यावर दहा मिनिटं कुणी उठू नका. वहीत पहाऱ्याच्या आणि चालींच्या बदली माणसांची नावं लिहा, आशाताईंचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर लिहा, काचांच्या जाळीचं काम कुणाकडे ते ठरवा. वहीचं ते पान फाडून देवळाच्या दाराशी, चपला काढतो तिथे, चिकटवा. आंबीत झालं की वराळ्याच्या मंडळाला दाखवा, वराळ्याने इंदोरीला दाखवावं.